आईच्या रक्तात जंतू सापडलाय. संसर्गरोग तज्ज्ञ नेमकं काय करतात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. दवाखान्यातल्या बाकावर बसून फोनवरून लिहितोय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आई ६१ वर्षांची, मधुमेह जुना. टाचेच्या भेगेत पू धरला होता, त्याचं ड्रेसिंग चालू होतं. मागच्या आठवड्यात एका रात्री हुडहुडी भरून ताप चढला आणि आई असंबद्ध बोलायला लागली. सांगलीतच एका खासगी रुग्णालयात भरती केलं. रक्ताच्या बाटल्या कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला) गेल्या, त्याच रात्री मेरोपेनेम आणि टायकोप्लॅनिन ही दोन इंजेक्शनं सुरू झाली. मग रिपोर्ट आला: स्टॅफिलोकोकस ऑरिअस. तोवर ताप उतरला होता, आई माणसं ओळखायला लागली होती, चहा मागत होती. आम्हाला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात आमचे फिजिशियन म्हणाले की आयडीच्या डॉक्टरांचं मत घेऊ. आयडी म्हणजे इन्फेक्शियस डिसीज. हे डॉक्टर पुण्याहून ठरावीक वारी येतात. ते आले आणि आईजवळ बराच वेळ बसले. दात बघितले, नखं बघितली, पाठीच्या मणक्यांवर एकेक ठिकाणी ठोकून बघितलं. घरी म्हैस आहे का, दूध तापवूनच पिता का, असंही विचारलं. मग फाइलमध्ये लिहून गेले: मेरोपेनेम बंद, टायकोप्लॅनिन बंद, एकटं सेफाझोलिन चालू. रक्ताचं कल्चर पुन्हा. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. कंबरेचा एमआरआय. इंजेक्शनं किमान दोन आठवडे, कदाचित सहा.

आता घरात यावरून वाद पेटलाय. मामांचं म्हणणं, भारीतली औषधं काढून साधं औषध का दिलं? ताप गेलाय तर सहा आठवडे कशासाठी? जखम टाचेला आणि एमआरआय कंबरेचा, हा काय प्रकार? मला त्यांना उत्तर देता येत नाही. खरं सांगायचं तर संसर्गरोग म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर पुण्याचं नायडू आणि मुंबईचं कस्तुरबा रुग्णालय येतं. आईला काही साथीचा रोग झालेला नाही. हे डॉक्टर फिजिशियनपेक्षा वेगळं काय करतात, कुणी समजावून सांगेल का?

पारिजात

कृष्णाकाठ, आई चहा मागतायत हे वाचून बरं वाटलं. मी याच विषयात काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. त्यांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण तुमच्या मामांचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींना उत्तरं आहेत.

आधी नायडू-कस्तुरबाचं. साथीच्या रुग्णांना वेगळं ठेवायला ती रुग्णालयं उभी राहिली. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा नायडूसमोर लागलेल्या रांगा पुणेकर विसरलेले नसतील. ती या विषयाची एक बाजू. आमचं रोजचं काम मात्र आयसीयूत, हाडांच्या वॉर्डात, केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णांजवळ, किडनी बदललेल्या रुग्णांजवळ असतं. एमडी मेडिसिन झाल्यावर या विषयाची तीन वर्षांची डीएम ही वरची पदवी घेता येते. आम्ही ऑपरेशन करत नाही, दुर्बीण घालत नाही. रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून प्रश्न विचारणं, डोक्यापासून तळपायापर्यंत तपासणं, फाइलचं पान न् पान वाचणं आणि प्रयोगशाळेत जाऊन बोलणं, हेच काम. तुमच्या आईंजवळ ते डॉक्टर एवढा वेळ बसले, तीच त्यांची तपासणी होती.

म्हशीचं दूध का विचारलं? कच्च्या दुधातून ब्रुसेला नावाचा जंतू येतो. तो आठवडेच्या आठवडे ताप आणतो आणि नेमका कंबरेच्या मणक्यात बसतो. कल्चरमध्ये एक जंतू सापडला म्हणून बाकीची चौकशी सोडायची नसते.

आता या स्टॅफिलोकोकस ऑरिअसबद्दल. साधारण एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात तो असतो आणि त्यांना काहीही करत नाही. जखमेतून रक्तात उतरला की मात्र त्याच्यासारखा घातकी जंतू कमी. रक्तातून फिरताना तो जागा शोधतो: हृदयाची झडप, मणक्यांमधली चकती, गुडघ्याचा सांधा, पूर्वी बसवलेला पेसमेकर किंवा कृत्रिम सांधा. तिथे चिकटून बसला की बाहेरून दिसत नाही. ताप उतरलेला असतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, सगळे घरी जायच्या तयारीत असतात, आणि झडपेवर तो वाढत असतो. उत्तम सोयी असलेल्या देशांतही हा जंतू रक्तात सापडलेल्या शंभरांतले २० ते ३० रुग्ण दगावतात. म्हणूनच ताप गेला एवढ्यावर आम्ही उठत नाही.

कल्चर पुन्हा का, ते यातच आलं. रक्त जंतूंपासून मोकळं झालंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आम्ही मानत नाही. दर एक-दोन दिवसांनी रक्त पाठवायचं, ते कोरं येईपर्यंत. आणि उपचाराचे दिवस मोजायचे ते पहिलं कोरं कल्चर ज्या दिवशी घेतलं त्या दिवसापासून. पहिलं इंजेक्शन कधी दिलं त्याला महत्त्व नाही. हा हिशेब फाइलमध्ये चुकलेला मला वारंवार दिसतो, म्हणून ती तारीख तुम्ही स्वतः विचारून वहीत लिहून ठेवा.

टू-डी इको झडपेसाठी. छातीवरून नीट दिसलं नाही किंवा शंका राहिली तर अन्ननलिकेतून नळी घालून मागच्या बाजूने बघावं लागतं; तसं सुचवलं तर घाबरू नका. एमआरआय मणक्यासाठी. मीसुद्धा अशा प्रत्येक रुग्णाला बसवते आणि मणक्यावर एकेक करून हलकं ठोकत खाली येते. एखाद्या ठिकाणी माणूस दचकतो, चेहरा आक्रसतो. त्या जागेचा एमआरआय काढायचाच. त्यांनी ठोकून बघितल्यावर एमआरआय लिहिलाय, म्हणजे आईंना कुठेतरी दुखलं असणार. विचारा त्यांना. आपल्याकडे बायका कंबरदुखी बोलून दाखवत नाहीत, ती असायचीच असं धरून चालतात.

शरीरात कुठेही जंतू बसलेला नाही, लवकर कोरं कल्चर आलं, झडप स्वच्छ, शरीरात कृत्रिम काही नाही, असं सगळं जुळलं तर दोन आठवडे शिरेतून. यातलं एक जरी बिघडलं तरी चार ते सहा आठवडे. मणक्यात असेल तर सहा. तुमच्या फाइलमध्ये दोन आकडे लिहिलेत ते त्यामुळे. त्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही आणि ते शोधतायत.

आता मामांचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, भारीतलं औषध. मेरोपेनेम पुष्कळ प्रकारच्या जंतूंवर चालतं. ज्या रात्री जंतू कोणता ते माहीत नव्हतं, मधुमेही बाई भ्रमात होत्या, त्या रात्री ते सुरू केलं हे बरोबरच केलं. पण पुष्कळ जंतूंवर चालणं वेगळं आणि समोरच्या एका जंतूवर जोरात चालणं वेगळं. मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या जातीच्या औषधाला दाद देणारा ऑरिअस असेल तर सेफाझोलिन किंवा फ्लुक्लॉक्सॅसिलिन हीच पहिल्या पसंतीची औषधं. व्हँकोमायसिनसारखी (टायकोप्लॅनिन त्याच जातीचं) महागडी औषधं या जंतूवर त्यांच्यापेक्षा कमी पडतात, रुग्ण दगावण्याचं प्रमाण वाढतं. आईंचं औषध खालच्या दर्जाचं झालेलं नाही, नेमकं झालंय. शिवाय मेरोपेनेम चालू राहिलं की आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि कशालाच दाद न देणारे तिथे घर करतात. पुढे कधी आईंना लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग झाला तर तेव्हा द्यायला काही उरायला हवं.

आमच्या कामातला निम्मा भाग औषधं बंद करण्याचा असतो, आणि नातेवाइकांना तेच सर्वांत कठीण जातं. नवीन इंजेक्शन लिहिलं की डॉक्टरांनी काहीतरी केलं असं वाटतं. तीन काढून एक ठेवलं की हात आखडता घेतला असं वाटतं. मला मात्र असा निर्णय लिहिताना जास्त अभ्यास करावा लागतो आणि जास्त जबाबदारी घ्यावी लागते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: टाच. जिथून जंतू आत आला ती जागा साफ झाल्याशिवाय कोणतंही इंजेक्शन पुरं पडत नाही. मधुमेही पायाच्या जखमेत निर्जंतुक स्टीलची सळई हलकेच घालून बघतात. ती टणक हाडाला लागली तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर सर्जनचं काम आहे. आणि हातातल्या सुईवर तारीख लिहिलेली असते, ती बघत जा. जुनी, लाल झालेली सुई याच जंतूचा दुसरा दरवाजा असतो.

फिजिशियनपेक्षा वेगळं काय, याला थोडक्यात उत्तर देते. या जंतूच्या बाबतीत अनेक देशांत अभ्यास झालेत. संसर्गरोग तज्ज्ञांनी रुग्ण पाहिला तर कल्चर पुन्हा होतात, इको होतो, योग्य औषध पुरेसे दिवस मिळतं आणि मृत्यू कमी होतात. फिनलंडमधल्या एका अभ्यासात तर फोनवरून दिलेल्या सल्ल्यापेक्षा खाटेजवळ येऊन तपासण्याचा फायदा जास्त दिसला. आणि जो फिजिशियन न सांगता स्वतःहून दुसऱ्याला बोलावतो, त्याच्या हातात तुमची आई सुरक्षित आहे असं मी म्हणेन.

सूक्ष्मदर्शक

पारिजात मॅडमनी प्रयोगशाळेचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी कल्चरच्या विभागात तंत्रज्ञ आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या आईच्या रक्ताच्या बाटल्या यंत्रात ठेवल्या जातात. जंतू वाढायला लागला की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो, यंत्राला ते कळतं आणि घंटा वाजते. ऑरिअस असेल तर बहुतेक वेळा एका दिवसाच्या आत वाजते. मग बाटलीतला थेंब काचेवर घेऊन ग्रामची रंगक्रिया. भिंगाखाली जांभळ्या द्राक्षांचे घड दिसावेत तसे जंतू दिसतात. तुम्ही सांगलीकर, तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या क्षणी आम्ही रिपोर्ट छापायची वाट बघत नाही, वॉर्डला फोन करतो.

पण घड दिसले म्हणून ऑरिअस ठरत नाही. कातडीवर राहणारे त्याचे चुलतभाऊही असेच दिसतात आणि रक्त काढताना सुईबरोबर बाटलीत येऊ शकतात. म्हणून सशाच्या रक्तद्रवात जंतू मिसळून चार तास उबवतो. नळीतला द्रव गोठला तर ऑरिअस. मोठ्या प्रयोगशाळांत आता हे काम यंत्र काही मिनिटांत करतं, पण जिल्ह्याच्या ठिकाणी अजून नळीच. मग जेलीच्या थाळीवर जंतू पसरून सेफॉक्सिटिन या औषधाची चकती ठेवायची; मेथिसिलिनला तो दाद देईल का ते तिच्यावरून कळतं. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती पुरेसं मोकळं वर्तुळ पडलं की सेफाझोलिन चालणार. मामांना सांगा, औषध बदललं ते त्या वर्तुळाच्या मापावर.

माझी एक कळकळीची विनंती आहे, सगळ्यांनाच. रक्त अँटिबायोटिकच्या आधी घ्यायला सांगा. दोन वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बाटल्यांत तीन-चार मिलिलिटरच असतं, आणि रुग्णाने त्याआधी मेडिकलमधून आणून गोळ्या खाल्लेल्या असतात. अशी बाटली पाच दिवस यंत्रात फिरते आणि काही न सापडता बाहेर येते. जंतू शरीरात असतो, आम्हाला सापडत नाही. मग वर बसलेले डॉक्टर कितीही हुशार असोत, त्यांना अंदाजानेच औषध द्यावं लागतं.

तळकोकणी

आमच्या घरात घडलेलं सांगतो. आम्ही सिंधुदुर्गातले. धाकटा भाऊ शेती करतो, त्याला शुगर आहे. भाताची लावणी आटोपली आणि त्याला ताप सुरू झाला. खोकला, वजन उतरलं, एक्स-रेत फुप्फुसावर डाग. एका ठिकाणी थुंकीत काही न सापडताच टीबी म्हणून औषधं चालू केली. ताप तसाच. सोनोग्राफीत प्लीहेत पुवाच्या गाठी दिसल्या, तेव्हा त्याला गोव्याला हलवलं.

तिथे संसर्गरोगाच्या डॉक्टरबाई होत्या. पहिला प्रश्न विचारला, शेतात अनवाणी उतरता का? दुसरा, पायाला काही लागलं होतं का? भावाच्या पोटरीवर कोयत्याची जुनी जखम होती, आम्ही ती विसरूनही गेलो होतो. बाईंनी आमच्यासमोर प्रयोगशाळेत फोन लावला आणि सांगितलं, या रुग्णाच्या नमुन्यात काही वाढलं आणि ते किरकोळ वाटलं तरी टाकू नका, मला दाखवा. दोन दिवसांनी निदान झालं, मेलिऑइडोसिस. हे नाव त्याआधी आम्ही कधी ऐकलं नव्हतं. चिखलात, पाण्यात राहणारा जंतू, पावसाळ्यात शेतकऱ्यांना होतो आणि शुगरवाल्यांना जास्त धरतो, असं त्यांनी समजावलं.

दोन आठवड्यांच्या वर सलाइनमधून इंजेक्शनं, मग तीन महिने कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या. गोळ्या चालू असताना भाऊ म्हणायला लागला, "माका आता बरा वाटता, औषध बंद करतंय." बाईंनी त्याला फोनवर दटावलं की अर्धवट सोडलंस तर हा परत येतो आणि दुसऱ्या वेळी जास्त जोरात येतो. रक्त तपासणी ठरावीक दिवशी करायला लावायच्या, रिपोर्ट मागवून घ्यायच्या. भाऊ पूर्ण बरा आहे, आता गमबूट घालून शेतात उतरतो. त्या बाईंनी जखमेबद्दल विचारलं नसतं तर तो टीबीच्या गोळ्या खातच गेला असता, असं मला अजूनही वाटतं.

माणदेशी

सगळं वाचलं, पटलं. पण आमच्याकडे दुष्काळी भागात साधा एमडी मिळायला तालुक्याला जावं लागतं. पुण्याहून येणारे तज्ज्ञ सांगलीपर्यंत येतात, पुढे कोण येणार? आणि प्रत्येक तापाला अशा डॉक्टरकडे जायचं का? गरिबाने काय करायचं?

पारिजात

तळकोकणी, तुमच्या भावाची हकीकत प्रत्येक किनारपट्टीच्या डॉक्टरने वाचावी अशी आहे. हा आजार जुना आहे. १९१२ साली रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या दोघांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणजे त्याच्या पहिल्या शोधकर्त्यांत एक आपल्याकडचा माणूस होता. उडुपी-मणिपालच्या पट्ट्यात डॉक्टर तो शोधतात म्हणून तिथे सापडतो. कोकणात माती तीच, पाऊस तोच, भातशेती तीच. भिंगाखाली हा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका दिसतो, पण प्रयोगशाळेत सहज स्युडोमोनस या दुसऱ्याच जंतूच्या नावाने निघून जातो. ओळखायची एक खूण अशी की जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्ही अँटिबायोटिकना तो दाद देत नाही, पण ऑगमेंटिनच्या जातीच्या साध्या औषधाला देतो. असा विचित्र रिपोर्ट दिसला की कान टवकारायचे. त्या बाईंनी आधीच फोन करून ठेवला, हे फार मोलाचं काम केलं.

माणदेशी, तुमचा प्रश्न मला रोज छळतो. आमच्यासारखे डॉक्टर देशात मोजके, आणि तेही मोठ्या शहरांत. प्रत्येक तापाला आमची गरज अजिबात नाही. डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया, साधा न्यूमोनिया हे तालुक्याचा चांगला डॉक्टर उत्तम सांभाळतो. आमचं मत कधी मागावं ते सांगते. तीन आठवडे ताप आहे आणि कारण सापडत नाही. रक्तात ऑरिअस किंवा बुरशी सापडली. गुडघ्याचा कृत्रिम सांधा किंवा हाडातली पट्टी पुवाळली. टीबीची औषधं नीट घेऊनही माणूस खालावत चाललाय. अवयव बदललेला आहे किंवा केमोथेरपी चालू आहे आणि ताप आला. आणि तो रिपोर्ट, ज्यात सगळ्या औषधांसमोर आर, आर, आर (म्हणजे जंतू दाद देत नाही) असं लिहिलेलं असतं. त्यावर कोलिस्टिन हे शेवटचं औषध म्हणून सर्रास लावलं जातं, ते किडनीला जड जातं. कित्येकदा तो जंतू लघवीच्या नळीत नुसता बसलेला असतो, आजार त्याच्यामुळे नसतो. नळी बदलली की काम भागतं, औषध लागतच नाही. हे ठरवायला कुणीतरी अनुभवी माणूस लागतो.

प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर तुमच्या डॉक्टरांनी आमच्याशी व्हिडिओवर बोलावं, सरकारी ई-संजीवनीचा मार्गही आहे. खाटेजवळच्या तपासणीची बरोबरी होत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. त्यासाठी कागद नीट ठेवा. पहिल्या दिवसापासून कोणतं औषध कोणत्या तारखेला सुरू झालं आणि बंद झालं, तापाचा तक्ता, कल्चरचे सगळे रिपोर्ट, किडनीचे आकडे. नातेवाईक फक्त शेवटचा कागद पाठवतात आणि नेमकं उत्तर पहिल्या कागदात असतं.

पैशांचं म्हणाल तर सेफाझोलिन मेरोपेनेमपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. नको असलेली दोन इंजेक्शनं बंद झाली तर तज्ज्ञाची फी बहुधा त्यातूनच निघते.

आणखी एक. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं फाइलवर लाल अक्षरात लिहिलेल्या बहुतेक लोकांना ती प्रत्यक्षात नसते. लहानपणी कधीतरी अंगावर पुरळ आलं होतं, एवढंच कारण असतं. त्या एका ओळीमुळे पुढे आयुष्यभर दुय्यम औषधं मिळतात. नेमकं काय झालं होतं ते आठवून डॉक्टरांना सांगा.

सूक्ष्मदर्शक, तुमच्या विनंतीला माझी जोड. २०१४ च्या मार्चपासून औषधांची एच-१ यादी लागू आहे. सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिक गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत आणि दुकानदाराने त्यांची वेगळी नोंद ठेवायची, असा नियम आहे. आपण मागायचं थांबवलं तर तो नियम पाळला जाईल.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पारिजात मॅडम, तुमचा पहिला प्रतिसाद मामांना मोठ्याने वाचून दाखवला. सेफाझोलिनबद्दलचा त्यांचा आक्षेप मावळलाय.

आईला विचारलं. म्हणाली, कंबर तर ताप यायच्या आधीपासून दुखतेय, पण त्यात सांगायचं काय. एमआरआयमध्ये कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मधल्या चकतीत संसर्ग दिसतोय. पुवाची गाठ नाही. इको स्वच्छ. दुसरं कल्चर कोरं आलं, ती तारीख वहीत लिहिली आहे. टाचेत सळई घालून बघितली, हाडाला लागली नाही. सर्जननी जखम साफ केलीय. म्हणजे सहा आठवडे नक्की. आता प्रश्न असा की एवढे दिवस रुग्णालयात ठेवणं झेपणार नाही. दंडातून एक लांब लाइन टाकून घरी सोडू म्हणतायत. नात्यातल्या एक सिस्टर गल्लीतच राहतात. हे सुरक्षित आहे का? दिवसातून एकदाच द्यायचं दुसरं इंजेक्शन मागून घेऊ का?

पारिजात

ती पिक लाइन. दंडातल्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाते आणि नीट सांभाळली तर कित्येक आठवडे टिकते. घरी आयसीयूतले हट्टी जंतू नसतात, आई आपल्या अंथरुणात झोपतात, पोटभर जेवतात. सिस्टर घराजवळ आहेत आणि आई शुद्धीवर आहेत, तेव्हा मी अशा रुग्णाला घरी पाठवायला तयार असते.

एकदाच द्यायच्या इंजेक्शनचा मोह मी समजू शकते. सेफाझोलिन दर आठ तासांनी लागतं, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिवसातून एकदा चालतं, काही डॉक्टर ते देतातही, पण या जंतूवर, त्यातून मणक्यात असताना, माझा कल सेफाझोलिनकडेच राहील. घड्याळाच्या वेळा सिस्टरांशी बोलून बसवता येतात. पुण्याच्या डॉक्टरांना विचारा आणि ते सांगतील तसं करा.

सिस्टरांना सांगा की लाइनला हात लावायच्या आधी दरवेळी हात साबणाने धुवायचे आणि टोपण स्पिरिटने घासून पुसायचं. ड्रेसिंग आठवड्याला बदलायचं, ओलं झालं तर लगेच. आंघोळीच्या वेळी दंडाला प्लास्टिक बांधा. त्या हाताचं बीपी घेऊ देऊ नका, त्या हातातून रक्त काढू देऊ नका. दर आठवड्याला रक्तातल्या पेशी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि संसर्गाची सूज कळायला सीआरपी बघायचं. साखर आटोक्यात नसेल तर सेफाझोलिन एकटं काही करू शकणार नाही, तेव्हा इन्सुलिनमध्ये हयगय नको. टाचेचं ड्रेसिंग चालूच ठेवा आणि त्या पायावर भार कमी.

कंबर लगेच दुखायची थांबणार नाही, काही आठवडे लागतात. एमआरआयसुद्धा मागाहून सुधारतो, म्हणून पुन्हा पुन्हा काढायला धावू नका. पण इंजेक्शन देताना थंडी वाजून ताप आला, दंड सुजला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. आणि पाय जड पडले, चालताना लटपटले, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर मणक्यात पू जमून आतल्या नसा दाबल्या जातायत असं समजून थेट रुग्णालयात न्या. रात्र असली तरी. सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका.